जुन्या संगणकावर विंडोज ११ अर्ध्यावरून परत फिरते : वाचनालयासाठी सल्ला हवा

खाडीकाठ | ६ जानेवारी २०२६, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एकच संगणक आहे आणि वाचनालयाचा सगळा कारभार त्याच्यावरच चालतो. पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांची वर्गणी, शासनाला पाठवायचा वार्षिक अहवाल, शिवाय गावातील मुलांचे परीक्षांचे अर्ज असे सर्व काही त्याच्यावर होते. संगणक २०१४ साली देणगीतून घेतलेला आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क अशी त्याची रचना आहे. आला तेव्हा त्याच्यात विंडोज ७ होती; पुढे मायक्रोसॉफ्टने विनामूल्य संधी दिली तेव्हा आम्ही विंडोज १० घेतली आणि तेव्हापासून ती नीट चालली.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. मुले याच संगणकावर स्वतःची कागदपत्रे उघडतात, त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसलेला संगणक त्यांच्यापुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही. म्हणून तालुक्याच्या गावाहून एका तंत्रज्ञाला बोलावले. टीपीएम (मदरबोर्डवरील सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसर यांची तपासणी वगळणारा पेन ड्राइव्ह तयार करून त्यांनी विंडोज ११ चे अपग्रेड सुरू केले. सुरुवात सुरळीत होते, संगणक एकदा बंद होऊन पुन्हा चालू होतो, मग टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबते आणि शेवटी केलेले बदल मागे घेत असल्याचा संदेश येऊन जुनी विंडोज १० परत उभी राहते. संदेशातील क्रमांक ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होतो. पुन्हा करून पाहिले तरी तेच झाले. तंत्रज्ञांच्या मते मदरबोर्ड गेलेला आहे आणि नवीन संगणक घ्यावा.

आमचे वाचनालय ड वर्गातील, म्हणजे सर्वांत कमी शासकीय अनुदान मिळणारे आहे, तेव्हा नवीन संगणकाचा विचार इतक्यात शक्य नाही. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो: रात्रभर वीज नसली की सकाळी संगणकातील तारीख फार जुन्या वर्षावर गेलेली असते.

माझे प्रश्न असे आहेत. अपग्रेड परत का फिरते? तपासणी वगळून विंडोज ११ बसवणे वाचनालयासारख्या ठिकाणी योग्य आहे का? आणि ते योग्य नसेल, तर या यंत्राचे काय करावे?

---

रातांबा | ६ जानेवारी २०२६, रात्री ९:४२

काका, तारीख मागे जाते म्हणजे मदरबोर्डवरील बटणासारखी बॅटरी संपली आहे. तिचा क्रमांक बहुधा सीआर२०३२ असतो, ती ३ व्होल्टची असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते. तारीख चुकलेली असली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे संगणकाला अवैध वाटतात आणि अपडेटही मिळत नाहीत, त्यामुळे ती आधी बदला. मात्र बदलण्यापूर्वी बायोसमधील (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या मांडणीतील) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बॅटरी काढल्यावर तेथील मांडणी मूळ स्थितीला जाऊ शकते. हार्ड डिस्कची जोडणी एएचसीआय पद्धतीवरून दुसऱ्या पद्धतीवर गेली, तर चांगली चालणारी विंडोजही सुरू होत नाही आणि मग दोष नसलेल्या भागावर संशय जातो.

---

गलबत | ६ जानेवारी २०२६, रात्री १०:३०

रत्नागिरीत माझे संगणक दुरुस्तीचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

०एक्ससी१९००१०१ हा क्रमांक म्हणजे रुग्णाला ताप आहे एवढेच सांगणे आहे. ताप कशाचा आहे ते त्यातून कळत नाही. अपग्रेड मध्येच तुटून जुनी विंडोज परत आणावी लागली, एवढाच त्याचा अर्थ आहे. बहुतेक वेळा कारण एखादा जुना ड्रायव्हर, म्हणजे जोडलेला भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, असतो, पण नेहमीच नव्हे. खरी माहिती त्या क्रमांकाच्या दुसऱ्या भागात असते. आडव्या रेघेनंतर आणखी एक ०एक्स असतो आणि त्याच्या पुढचा पहिला अंक काम कोणत्या टप्प्यावर तुटले ते सांगतो. तो १ असेल तर जुनी विंडोज चालू असतानाच अडचण आली. २ असेल तर पहिल्यांदा रीस्टार्ट झाल्यानंतर, सेटअपच्या स्वतःच्या लहान, सुरक्षित वातावरणात आली. ३ असेल तर नवी विंडोज पहिल्यांदा उभी राहताना आणि ४ असेल तर त्यानंतरच्या टप्प्यात. शेवटची दोन चिन्हे त्या क्षणी कोणते काम चालू होते ते सांगतात.

तुम्ही फक्त पहिला भाग दिला आहे, तेवढ्यावरून मदरबोर्ड गेला असे कोणीही म्हणू नये. मायक्रोसॉफ्टचे सेटअपडायग नावाचे विनामूल्य साधन आहे. ते चालवले की अपग्रेडच्या नोंदी वाचून ते सविस्तर अहवाल देते. तो येथे द्या. त्याशिवाय सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे, विकत घेतलेला अँटिव्हायरस आहे का, अपग्रेडच्या वेळी प्रिंटर, यूपीएस, वेबकॅम यांपैकी काय काय जोडलेले होते, तेही कळवा. विंडोज ७ च्या काळात केलेल्या डिस्कवर सुरुवातीला १०० एमबीचा एक राखीव भाग असतो. तो भरल्यामुळेही अपग्रेड अडते, पण तेव्हा संदेश वेगळा येतो.

तोपर्यंत कृपया पुन्हा अपग्रेड करून पाहू नका.

---

सड्यावरचा | ७ जानेवारी २०२६, सकाळी ७:१५

अपग्रेड का अडते याचे उत्तर गलबत यांच्याकडून मिळेलच. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट (सुरू होतानाच प्रणाली खरी आहे का ते तपासणारी सोय) आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा चौथ्या पिढीचा आहे. तपासणी वगळता येते हे खरे आहे, परंतु अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतील याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट केले आहे. ज्या कारणासाठी तुम्ही हे सगळे करत आहात, त्या सुरक्षेच्या दुरुस्त्यांचीच शाश्वती नसेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? स्वतःच्या घरी कोणी हवे ते करावे, पण सार्वजनिक संस्थेत उद्या समितीतील दुसऱ्या माणसाच्या हाती हे यंत्र जाईल आणि ते आडवाटेने बसवलेले आहे हे त्याला ठाऊक नसेल.

त्यापेक्षा विंडोज १० साठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घ्या. घरगुती ग्राहकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर ती विनामूल्य मिळते. अन्यथा रिवॉर्ड्सचे १,००० गुण किंवा ३० डॉलर असा पर्याय आहे. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असणे आवश्यक आहे. विंडोज अपडेटच्या पानावरच नावनोंदणीचा दुवा दिसतो.

---

सुरंगी | ७ जानेवारी २०२६, दुपारी १:०५

मी वेंगुर्ले तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या शाळेतील संगणक तुमच्याहूनही जुने, कोअर २ ड्युओचे आहेत. त्यांच्यावर विंडोज ११ च्या २४एच२ पासूनच्या आवृत्त्या मुळात सुरूच होत नाहीत, कारण त्या आवृत्त्यांना लागणाऱ्या एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या आज्ञा त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. तेथे तपासणी वगळण्याची कोणतीही युक्ती चालत नाही. तुमच्या चौथ्या पिढीच्या आय३ मध्ये या आज्ञा आहेत, त्यामुळे तुमच्याकडे अपग्रेड अडण्याचे हे कारण नव्हे.

आम्ही शाळेत विंडोजऐवजी लिनक्स मिंट या विनामूल्य प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर काम आरामात होते, आणि २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच. मुलांना तर दोन्हींत फरक जाणवत नाही. थोडा वेळ लागला तो आम्हा शिक्षकांनाच.

सड्यावरचा दादा, वाढीव अपडेटची योजना एका वर्षापुरतीच आहे. १३ ऑक्टोबरनंतर काका पुन्हा याच प्रश्नापाशी येतील, त्याचे काय?

---

सड्यावरचा | ७ जानेवारी २०२६, दुपारी १:४०

ताई, ते वर्ष विचार करण्यासाठी आणि नोंदी नीट सोडवून घेण्यासाठी वापरायचे. घाईने घेतलेल्या निर्णयात जुने दस्तऐवज हरवतात, आणि वाचनालयाच्या बाबतीत ते नुकसान भरून निघण्यासारखे नसते.

---

खाडीकाठ | ८ जानेवारी २०२६, रात्री ८:२०

सर्वांचे आभार. भाच्याला बसवून सेटअपडायग चालवले. पूर्ण क्रमांक ०एक्ससी१९००१०१ - ०एक्स२०००सी असा आहे. सी ड्राइव्हवर शंभर जीबीहून अधिक जागा मोकळी आहे. अँटिव्हायरस विंडोजसोबत येतो तोच आहे. अपग्रेडच्या वेळी प्रिंटर जोडलेला होता. बॅटरी बदलली, फोटो आधी काढले होते, आणि आता तारीख टिकते.

आणखी एक सांगावेसे वाटते. दाखल नोंदवहीची एक्सेल फाइल अलीकडे उघडायला फार वेळ घेते आणि त्या वेळी संगणकातून हलका टकटक आवाज येतो. संगणक जुना झाला म्हणून हळू चालतो, असा आमचा समज होता.

---

गलबत | ८ जानेवारी २०२६, रात्री ८:५५

काका, संगणक आत्ता बंद करा आणि हे पूर्ण वाचल्यावरच पुन्हा चालू करा.

दुसऱ्या भागातील २ म्हणजे पहिल्या रीस्टार्टनंतरचा सुरक्षित टप्पा, आणि शेवटचे ०सी म्हणजे नव्या विंडोजची प्रतिमा (सगळ्या फाइलचा एकत्र गठ्ठा) डिस्कवर उलगडून लिहिण्याचे काम. या टप्प्यावर सेटअप हजारो फाइल सलग डिस्कवर लिहीत असतो. ड्रायव्हरमुळेही येथे काम तुटू शकते, पण टक्केवारी एका आकड्यावर अडकणे, फाइल उशिरा उघडणे आणि टकटक आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या, तर माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर आहे. मदरबोर्डचे कोणतेही लक्षण मला यात दिसत नाही.

आता क्रम नीट पाळा. प्रथम बाहेरची एखादी डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह जोडा आणि सर्वांत महत्त्वाच्या फाइल आधी उतरवून घ्या: दाखल नोंदवही, सभासद, हिशेब. फोटो आणि जुने अहवाल नंतर. एखादी फाइल अडली तर तिच्यापाशी थांबू नका. ती सोडून पुढच्या घ्या आणि अडलेली शेवटी पाहा. हे होईपर्यंत डिस्क दुरुस्त करणारी कोणतीही आज्ञा देऊ नका. चेकडिस्कची खोल तपासणी कमकुवत डिस्कला तासन्‌तास राबवते, आणि आधी वाचता येत असलेल्या फाइलही त्यात हातच्या जाऊ शकतात.

प्रत हाती आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे साधन चालवून डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहा. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. ०५ म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेले सेक्टर (डिस्कवरील साठवणुकीचे लहान कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर आणि सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. शेवटच्या स्तंभातील आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांत अक्षरे दिसली तर गोंधळू नका. सी५ मध्ये शून्याखेरीज काहीही असेल, तर त्या डिस्कवर कोणतेही अपग्रेड करायचे नाही.

---

मतलई | ९ जानेवारी २०२६, सकाळी १०:१०

गलबतदादांचे म्हणणे पटते, तरी डिस्क गेली असे ठरवण्यापूर्वी त्याच अहवालातील सी७ ही ओळही पाहावी. ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या दरम्यान माहितीची ने-आण करताना झालेल्या चुका मोजते. तेथे मोठा आकडा असेल आणि सी५ शून्य असेल, तर दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा तिच्या टोकांचा असतो.

आपल्याकडे हे विशेष पाहावे लागते. मी मालवणला एका सहकारी संस्थेत काम करते आणि आमचे कार्यालय समुद्राला लागून आहे. पावसाळ्यातली दमट हवा आणि बाराही महिने खारा वारा यामुळे रॅमच्या पट्टीवर, केबलच्या टोकांवर आणि कॅबिनेटच्या स्क्रूवरही थर धरतो. दर वर्षी पावसाळा संपला की आम्ही यंत्रे उघडून मऊ ब्रशने धूळ काढतो आणि संपर्काची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. पावसाळ्यात काम नसले तरी यंत्र दररोज काही वेळ चालू ठेवतो, कारण आतल्या उबेने ओल धरत नाही. ज्या यंत्रांना हा नियम लावला ती टिकली. कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेली मात्र लवकर गेली. प्लास्टिकचे आच्छादन तर मुळीच घालू नये, ओल आतच कोंडते.

आणि अपग्रेड चालू असताना वीज जाणार नाही याची व्यवस्था आधी करावी. यूपीएसची बॅटरी जुनी असेल, तर तिच्या भरवशावर तासाभराचे काम सुरू करू नये.

---

खाडीकाठ | १० जानेवारी २०२६, सायंकाळी ६:४५

प्रत घेऊन झाली. दाखल नोंदवही, सभासद आणि हिशेब सुखरूप आहेत. २०१९ च्या पुस्तक प्रदर्शनाच्या फोटोंपैकी काही मात्र वाचता आले नाहीत, त्याचे वाईट वाटते.

डिस्कच्या अहवालात पिवळ्या रंगात सावधतेची सूचना आहे. सी५ आणि सी६ या दोन्ही ओळींत आकडे आहेत, सी७ मध्ये शून्य आहे. म्हणजे मतलईताईंनी सांगितलेली केबलची शक्यता मावळली असे मी समजतो.

मदरबोर्ड बदलायला निघालो होतो, त्याऐवजी डिस्कवर आलो, याचे श्रेय या धाग्याला आहे. आता नवी डिस्क कोणती घ्यावी आणि तिच्यावर काय बसवावे?

---

गलबत | १० जानेवारी २०२६, रात्री ९:३०

अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, २४० किंवा २५६ जीबीची तुम्हाला पुरेल. तुमच्या मदरबोर्डवरील साटा जोडणीला ती थेट लागते. रॅम डीडीआर३ प्रकारची असेल, तिची ४ जीबीची आणखी एक पट्टी मिळाली तर अवश्य लावा, जुन्या बाजारात ती अजून मिळते. हे दोन बदल केल्यावर हेच यंत्र वेगळे वाटेल.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवू नका. जुन्या डिस्कवर न वाचता येणारे सेक्टर आहेत, तेव्हा विंडोजच्या कोणत्या फाइल बिघडल्या आहेत हे आपल्याला ठाऊक नाही. तो बिघाडही प्रतीसोबत येईल. नवी, कोरी स्थापना करा. विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे इंटरनेटला जोडल्यावर ती आपोआप सक्रिय होईल, फक्त आधी होती तीच होम किंवा प्रो आवृत्ती निवडा. बायोसमध्ये यूईएफआयची (संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीची) सोय असेल, तर पेन ड्राइव्ह त्या पद्धतीने सुरू करा, म्हणजे डिस्कची विभागणी जीपीटी पद्धतीची होईल आणि १०० एमबीच्या जुन्या राखीव भागाची अडचण पुढे येणार नाही.

आता सड्यावरचा यांच्या मुद्द्याबद्दल. चौथ्या पिढीच्या कित्येक यंत्रांवर तपासणी वगळून बसवलेली विंडोज ११ मी पाहिली आहे आणि मासिक सुरक्षा अपडेट त्यांना आजवर मिळत आलेली आहेत. तेव्हा ती चालतच नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु वार्षिक मोठी आवृत्ती तेथे आपोआप येत नाही, दर वेळी कोणीतरी जाणकार माणसाने बसून ती हाताने चढवावी लागते. ज्या वाचनालयात असा माणूस नेहमी उपलब्ध नाही, तेथे मी तो मार्ग सुचवणार नाही.

---

सड्यावरचा | १० जानेवारी २०२६, रात्री ९:५०

हमी नाही आणि मिळत नाहीत यांतला फरक मान्य. तुमचा निष्कर्ष माझ्याशी जुळतो.

---

सुरंगी | ११ जानेवारी २०२६, सकाळी ११:२०

काका, कोरी स्थापना करण्यापूर्वी एक गोष्ट विसरू नका. तुमच्या नोंदवहीत युनिकोडपूर्व मराठी फाँट वापरला आहे का? २०१४ च्या आसपासच्या बहुतेक कार्यालयांत तोच असे. अशा फाइलमधील मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचा असतो आणि ठरावीक फाँट लावला तरच तो मराठी दिसतो. नव्या स्थापनेत तो फाँट नसला, तर पुस्तकांच्या नावांऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसेल आणि नोंदवही बिघडली असे वाटेल. म्हणून जुन्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधील तो फाँट आत्ताच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.

तो फाँट मिंटमध्येही बसवता येतो आणि जुना मजकूर तेथे वाचता येतो, परंतु त्याच पद्धतीने नवीन टंकन करण्यासाठी लागणारा कळफलक तेथे मिळेलच असे नाही. म्हणून खरा उपाय सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच आहे. एकदा ते झाले की नोंदवही कोणत्याही संगणकावर, मोबाइलवरही उघडेल आणि शोधताही येईल. पुढे ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारख्या ग्रंथालय प्रणालीत जायचे ठरवले, तरी युनिकोडच लागेल. तुमच्या वाचनालयाच्या दृष्टीने विंडोज की लिनक्स यापेक्षा हे काम मला मोठे वाटते.

---

मतलई | ११ जानेवारी २०२६, दुपारी १२:३०

सुरंगीताईंशी सहमत आहे. मिंटकडे जाण्यापूर्वी प्रिंटरचाही विचार व्हावा. काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर लिनक्सवर सहज चालतात, काहींना कंपनीचा वेगळा जोडभाग लागतो आणि काही थोडे सतावतात. मिंट पेन ड्राइव्हवरूनच, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते, तेव्हा प्रिंटर जोडून एक पान काढून पाहावे आणि मगच ठरवावे. आमच्या संस्थेत डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनमुळे एक यंत्र विंडोजवर ठेवावेच लागले, बाकीची मिंटवर आहेत.

---

रातांबा | ११ जानेवारी २०२६, दुपारी १२:५०

वाढीव अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टचे खाते उघडणार असाल, तर ते वाचनालयाच्या नावाच्या ईमेलवर उघडा, कोणाच्या वैयक्तिक नव्हे. आणि बॅकअप चालू करताना फक्त सेटिंग्जचा करा. कागदपत्रांचे फोल्डरही जोडले, तर वनड्राइव्हची विनामूल्य ५ जीबी जागा लगेच भरते आणि मग सतत सूचना येत राहतात.

---

खाडीकाठ | १९ जानेवारी २०२६, रात्री ८:००

मंडळी, काम झाले ते कळवतो.

एसएसडी एका सभासदाने देणगी म्हणून दिली. रॅमची पट्टी चिपळूणला जुन्या बाजारात मिळाली. यूईएफआय पद्धतीने विंडोज १० ची कोरी स्थापना केली, इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप सक्रिय झाली. वाचनालयाच्या ईमेलवर खाते उघडून वाढीव अपडेटसाठी नावनोंदणी केली आणि पहिली अपडेट बसलीही. फाँट आधी काढून ठेवला होता, त्यामुळे नोंदवही पूर्वीसारखी दिसते आणि आता ती लगेच उघडते. जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख व दोष लिहिलेली चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवली आहे, म्हणजे उरलेल्या फोटोंसाठी कोणा तज्ज्ञाला दाखवता येईल.

मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. आमच्या प्रिंटरने त्याच्यावर पान काढले. मुलांनी अर्जाचे संकेतस्थळही त्यातून उघडून पाहिले. ऑक्टोबरपूर्वी आम्ही मिंटकडे जावे असा समितीचा कल आहे.

एक अडचण उरली. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे एक साधन वापरून नोंदवहीचा थोडा भाग पालटून पाहिला. बहुतेक शब्द नीट आले, पण ऱ्हस्व वेलांटी असलेले काही आणि रफार असलेले बरेच शब्द चुकले. असे का होत असावे?

---

सुरंगी | १९ जानेवारी २०२६, रात्री ९:१५

फार आनंद झाला, काका.

जुन्या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये मात्र व्यंजन आधी आणि वेलांटी नंतर असते. रफाराचे उलट आहे. तो अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून जुन्या फाँटमध्ये शेवटी असतो, तर युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे अक्षराच्या आधी येतो. रूपांतर करणाऱ्या साधनाला हे क्रम बदलावे लागतात आणि जोडाक्षर आले की ते पुष्कळदा चुकते. शिवाय प्रत्येक जुन्या फाँटची मांडणी वेगळी असते, त्यामुळे तुमच्या फाँटचे नेमके नाव साधनात निवडले आहे का, तेही पाहा.

रूपांतरित मजकूर मूळ स्तंभाच्या शेजारी नव्या स्तंभात ठेवा, मूळ स्तंभ पुसू नका. मग रफार असलेले शब्द शोधून आधी तेवढेच तपासा. लेखकांची नावे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची एक यादी करून बदल एकदम करता येतात. शंभर ओळींचा नमुना आणि फाँटचे नाव मला येथील निरोपातून पाठवा, सुट्टीच्या दिवशी पाहून नेमके कोठे चुकते ते कळवते.

---

सड्यावरचा | २० जानेवारी २०२६, सकाळी ७:३०

काका, मिंटकडे जाण्याचा दिवस ऑक्टोबरवर ढकलू नका, मे महिन्यात ठेवा. जून लागला की आपल्याकडे वीज आणि इंटरनेट या दोन्हींचा भरवसा नसतो, आणि नव्या व्यवस्थेची सवय होण्याचे दिवस पावसात जायला नकोत. मेमध्ये मुलांनाही सुट्टी असते, ती मदतीला येतील. मी त्या वेळी गुहागरला असेन, आधी कळवलेत तर येऊन जाईन.